टाइम ट्रॅव्हलवाल्या ऐतिहासिक प्रेमकथांमध्ये वाचकांना एवढं काय सापडतं?

तुम्ही विचारलंय की ह्या कादंबऱ्यांमध्ये लॉजिक नावाचा प्रकार नसतो, बाई दगडाला हात लावते आणि दोनशे वर्षं मागं जाते, मग तरी लोक, त्यातल्या त्यात बायका, एवढ्या जीव टाकून का वाचतात, आणि जुन्या काळातलं प्रेमच वाचायचं असेल तर साधी ऐतिहासिक कादंबरी काय वाईट आहे. उत्तर जरा लांबणार, कारण हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे. मी बेळगावात मेडिकल दुकान चालवते, बी.फार्म झालेय, आणि दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की फोनवर हेच वाचत असते.

थोडक्यात सांगायचं तर असं बघा. साध्या ऐतिहासिक कादंबरीत पुढं काय होणार ते वाचकाला माहीत असतं पण पुस्तकातल्या कुणालाच माहीत नसतं. ह्या कादंबऱ्यांत पुस्तकातल्या एका बाईला पण ते माहीत असतं, आणि ज्याच्या मरणाची तारीख जवळ आलीय नेमकं त्याच्यावरच तिचा जीव जडतो. दगड, ग्रहण, लॉकेट, जुनी विहीर, ह्या सगळ्या आत शिरायच्या वाटा आहेत, त्यांच्यात लॉजिक शोधू नका. लॉजिक बघायचंच असेल तर ती आत गेल्यावर काय करते त्यात बघा.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे डायना गॅबल्डनची आउटलँडर, १९९१ ची, जिच्यावर २०१४ पासून सिरीयल पण आली. क्लेअर ही दुसऱ्या महायुद्धात काम केलेली नर्स. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला फिरायला येते आणि उभ्या दगडांच्या वर्तुळातून १७४३ मध्ये जाऊन पडते. तिथं तिला नायक, म्हणजे जेमी, भेटतो वगैरे ते सगळं आहेच, पण खरी गोष्ट अशी की तिचा १९४५ मधला नवरा इतिहासाचा अभ्यासक, त्याच्याकडून तिनं ऐकलेलं असतं की १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर ह्या हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, लोकांचा तासाभराच्या आत चुराडा होणार आहे आणि मागाहून त्यांचा पोशाख, त्यांची हत्यारं, सगळ्यावर बंदी येणार आहे. म्हणजे ती ज्यांच्या पंक्तीला बसून जेवते, ज्यांची बाळंतपणं करते, ज्यांच्या जखमा शिवते, त्यातले कितीतरी जण तीन वर्षांत नसणार हे तिला ताटावर बसल्या बसल्या माहीत आहे. असं माहीत असताना कुणावर प्रेम करायचं म्हणजे काय, हे वाचताना माझा घास खरंच अडकतो.

आता तुम्ही म्हणाल स्कॉटलंडचं आपल्याला काय. बरोबर. म्हणून आपल्यातलंच घेऊ. माधवराव पेशवे.

आमच्या इथून जवळच कोवाड आहे, चंदगड तालुक्यात, तिथल्या रणजित देसाईंची स्वामी ही कादंबरी १९६२ ची, साहित्य अकादमी मिळालेली, आमच्या भागात मराठी वाचणाऱ्या कितीतरी घरांत ती असतेच. ती वाचताना तुमच्या मनात काय आलं होतं ते आठवा. प्रत्येकाच्या मनात तेच येतं, की अरे कुणीतरी ह्या माणसाला वाचवा. १८ नोव्हेंबर १७७२, थेऊर, वय अवघं २७, आणि आजार कुठला तर राजयक्ष्मा, म्हणजे टीबी. आणि रमाबाई सती गेल्या. पुढच्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून. ह्या सगळ्याच्या मुळाशी एक जंतू, जो दिसला सुद्धा ११० वर्षांनी, १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉख यांना.

मी दुकानात बसून हा विचार करते तेव्हा मला अगदी हातात धरल्यासारखं दिसतं, की आज एका माणसाचा टीबीचा पूर्ण कोर्स एका कापडी पिशवीत मावतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. एवढीच पिशवी थेऊरला पोचवायची आहे. पण पोचवणार कसं आणि पोचवून पुढं काय होईल, हे जो लिहील त्यानं नुसती प्रेमकथा लिहून भागणार नाही, कारण बघा, ह्यातल्या एका औषधानं, रिफॅम्पिसिननं, लघवी नारंगी होते, कधी घाम आणि डोळ्यातलं पाणी पण. आम्ही काउंटरवर सगळ्यांना आधीच सांगतो की घाबरू नका. पण १७७२ मध्ये, जिथं चुलता-पुतण्याचं राजकारण एवढं पेटलेलं, तिथं कुठून आली माहीत नाही अशी एक बाई श्रीमंतांना लाल गोळ्या देते आणि दुसऱ्या दिवशी लघवीचा रंग बदलतो. वैद्य काय म्हणतील? विष. ती बाई सरळ कोठडीत. आणि सुटली समजा, रमाबाईंनी शब्द टाकला म्हणून, तर पुढचं संकट असं की दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते, ताप जातो, आणि पेशंट गोळ्या सोडतो. आजच्या शिकलेल्या माणसांना समजावताना आमची दमछाक होते, तर ज्यांनी हैदरअलीवर कर्नाटकात स्वतः स्वाऱ्या काढल्या त्या माधवरावांना, अंगात जोर आला असताना, अजून चार महिने घोड्यावर बसू नका आणि ह्या गोळ्या चुकवू नका हे कोण सांगणार?

ह्यात प्रेम कुठं आलं असं वाटेल. तर ते रमाबाईंकडून येतं. मला ही गोष्ट लिहायला दिली तर माझी नायिका माधवरावांच्या प्रेमात पडणारच नाही, तिथं आधीच एक प्रेम आहे आणि ते पुरेसं मोठं आहे. ती जाईल ती रमाबाईंसाठी. तिचं स्वतःचं प्रेम असेल एखाद्या साध्या कारकुनावर नाहीतर वैद्याच्या शिष्यावर, ज्याला तिनं दिलेल्या गोळीवर विश्वास ठेवायचा की गुरूच्या शब्दावर हे ठरवायचंय. माणूस आपल्यावर प्रेम करतो ते कशावरून कळतं, तर आपण जे सांगतो ते विचित्र वाटलं तरी त्याला ते खरं वाटतं ह्यावरून. मला तरी रोमँटिक म्हणजे हेच वाटतं.

आणि बायकांना हे का आवडतं त्याचं निम्मं उत्तर इथंच आहे. क्लेअर असो की दुसरी कुणी, ह्या नायिकेला काहीतरी येत असतं. ती नर्स असते, डॉक्टर असते, नाहीतर नुसती शाळा शिकलेली असते पण पाणी उकळून प्यायचं तिला माहीत असतं. आजच्या काळात त्या ज्ञानाचं कुणाला कौतुक नाही. तिकडं त्याच ज्ञानानं बाळंतीण वाचते. आणि त्याच ज्ञानानं तिला चेटकीण पण ठरवतात, क्लेअरवर तो प्रसंग येतोच. नायकाला तलवार येते, घोडा येतो, जंगलातली वाट माहीत असते, तिला जंतू माहीत असतात, दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही, आणि अशा बरोबरीतून आलेलं प्रेम साध्या ऐतिहासिक कादंबरीत दाखवणं फार अवघड असतं कारण तिथली बाई त्या काळाचीच असते, तिला लिहायला वाचायला सुद्धा येऊ दिलेलं नसतं.

उरलेलं निम्मं उत्तर सासर. आमच्या सीमाभागात हे रोजचं आहे, गडहिंग्लजची नाहीतर कोल्हापूरची मुलगी लग्न होऊन बैलहोंगल, गोकाककडं येते, एसटीच्या पाट्या कन्नड, शेजारीण कन्नड, रेशनचा फॉर्म कन्नड, तिला कुणी विचारत नाही तुला जमेल काय म्हणून, ती शिकते, वर्षभरात भाजीवालीशी भांडायला लागते आणि एक दिवस तिला कळतं की आता माहेरी गेल्यावर तिथं पाहुणी वाटतंय. ह्या कादंबऱ्यांमधली नायिका हेच करते, फक्त तिच्या माहेराला फोन लागत नाही. मागं आई आहे, काहींचा तर नवरा पण आहे, आणि समोर हा माणूस. परत जायची वाट उघडली तर जायचं का? प्रत्येक चांगल्या टाइम ट्रॅव्हल प्रेमकथेत हा प्रसंग येतोच, आणि तो वाचताना बायका का रडतात ते मला वेगळं सांगायला नको.

माझ्याकडं येणारी एक कॉलेजची पोरगी आहे, तिनं मला कोरियन सिरीयलचा नाद लावला. "आक्का, तुम्ही हे बघाच, पण शेवट बघताना जवळ कुणीतरी असू दे" असं सांगून गेली. ती मून लव्हर्स, २०१६ ची, मूळ चिनी कादंबरीवरची, त्याच कादंबरीवर चीनमध्ये २०११ ला सिरीयल आली होती. चिनी गोष्टीतली मुलगी कांगशी बादशहाच्या काळात जाते, राजपुत्रांच्या मधोमध, आणि तिला माहीत असतं की १७२२ मध्ये गादी चौथ्या राजपुत्राला मिळणार. आता बघा, ह्या माहितीनं तिचा फायदा व्हायला पाहिजे ना? उलटं होतं. ती ज्याला सावध करायला जाते त्याच्या मनात संशय पेरला जातो, आणि ज्या भांडणाला ती घाबरत असते त्याच्यात तिचा स्वतःचा हात लागतो. हे मला फार खरं वाटतं. घरात सुद्धा पुढचं दिसत असलेल्या माणसानं बोलावं की गप्प बसावं हा प्रश्न सुटलेला नाही.

इथं एक फरक सांगते, कारण लोक दोन्ही एकत्र करतात. आपल्याकडं जयंत नारळीकरांची गंगाधरपंतांचे पानिपत ही कथा आहे, सीबीएसईच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात पण ती द ॲडव्हेंचर नावानं होती. त्यात विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते आणि मराठे पानिपत जिंकतात, मग पुढचा हिंदुस्थान कसा झाला असता ते प्राध्यापक गायतोंडे बघून येतात. अप्रतिम कथा. पण तिचा प्रश्न देशाचा आहे. प्रेमकथेत प्रश्न एका माणसाचा असतो. पानिपत हरायचं तर हरू दे, पण माझा हा एक माणूस १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी जिवंत असेल का, एवढंच. काही जणांना हे हलकं वाटतं. मला नाही वाटत. पानिपतावर गेलेल्यांच्या बायका घरी बसून हाच एक प्रश्न विचारत असणार, आणि त्यांच्याकडून इतिहास फारसा कुणी लिहिलेलाच नाही.

आता मला काय आवडत नाही ते पण सांगते, नाहीतर नुसती जाहिरात होईल. नायिका जुन्या काळात जाते आणि तिला ना वास येतो, ना डोक्यात उवा होतात, ना पाळीचं काय करायचं हा प्रश्न पडतो, अशी पुस्तकं मी वीस पानांत सोडते. तिकडचे सगळे लोक तिच्या पायजम्याकडं बघून दोन मिनिटांत तिला आपली मानतात, हे पण नाही चालत. आणि जुना काळ म्हणून नायकाच्या मारहाणीला सूट, हे तर मुळीच नाही. आउटलँडरमध्ये जेमी तिला पट्ट्यानं मारतो तो प्रसंग आहे, त्या काळात असंच होतं असं समर्थन करतात लोक, मला तो अजून पटत नाही आणि पटायला नको. जुना काळ सुंदर नव्हता. अमेरिकेतल्या ऑक्टाव्हिया बटलर यांची किंड्रेड म्हणून १९७९ ची कादंबरी आहे, प्रेमकथा नव्हे ती, त्यात १९७६ मधली एक काळी बाई गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडला ओढली जाते, आणि मागं जाणं कुणाला परवडतं आणि कुणाला नाही हे त्यात असं दाखवलंय की नंतर कुठलीही गोड टाइम ट्रॅव्हल कथा वाचताना तुम्ही विचारताच, की ही बाई कुठल्या घरात जाऊन पडली म्हणून एवढी सुखात आहे? आपल्याकडं सुद्धा पेशवाईत जाऊन पडायचं तर कुठल्या जातीची म्हणून, सधवा की विधवा, हे आधी ठरणार. जो लेखक हे टाळतो तो वाचकाला फसवतो असं माझं स्पष्ट मत आहे.

पण नीट लिहिलं असेल तर तपशिलातली मजा काय सांगू. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती म्हणून जैन मंदिर आहे, १२०४ च्या सुमाराची, रट्ट राजांच्या काळातली. तिथल्या छताच्या दगडी कमळाखाली उभी राहिले की माझं डोकं लगेच सुरू होतं. समजा इथून १२०४ मध्ये गेले तर जेवायला काय मिळेल? मिरची नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणा नाही, हे सगळं पोर्तुगीज आल्यावर, म्हणजे १४९८ च्या नंतरचं. ठेचा नसलेलं बेळगाव! चहा तर नाहीच. भात, जोंधळा, गूळ, खोबरं, तिखटाला मिरी. असल्या गोष्टी शोधताना मी जेवढा इतिहास वाचला तेवढा शाळेत कधी वाचला नाही. एवढं लांब जायला पण नको, १९४० चं बेळगाव घ्या की. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडं. म्हणजे मुलगा शहापूरचा, मुलगी टिळकवाडीची, चालत जायच्या अंतरावर दोन राज्यं, आणि त्यात आजची एखादी मुलगी जाऊन पडलेली जिला हे माहीतच नाही. किती काय काय करता येईल.

आणि खरी कादंबरी तर कित्तूरमध्ये पडून आहे. ह्याच्यावर मी कितीही बोलू शकते. २३ ऑक्टोबर १८२४, राणी चन्नम्मांच्या सैन्यानं इंग्रजांना हरवलं, धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्यात मारला गेला. कारण काय, तर दत्तक मुलाला इंग्रज मान्यता देईनात. गावात त्या रात्री काय आनंद असेल. आणि आजची मुलगी तिथं आहे, तिला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे की डिसेंबरमध्ये इंग्रज मोठी फौज घेऊन परत येणार आहेत, किल्ला पडणार आहे, राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैद होणार आहेत आणि १८२९ मध्ये तिथंच वारणार आहेत. राणींचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा त्यानंतर लढत राहणार आणि १८३१ मध्ये नंदगडला फाशी जाणार. सगळे नाचतायत आणि ही एकटी भिंतीला टेकून उभी. स्कॉटलंडमध्ये पण असंच झालं होतं, १७४५ च्या सप्टेंबरमध्ये प्रेस्टनपॅन्सला हायलँडर लोकांचा मोठा विजय आणि सात महिन्यांत कलोडन.

त्यातून ती मुलगी आमच्यासारखी मराठी बोलणारी असेल तर अजून गुंता. कित्तूरच्या मल्लसर्ज देसाईंना, म्हणजे राणी चन्नम्मांच्या नवऱ्याला, पेशव्यांनी कैद करून पुण्याला नेलं होतं, ते काही फार जुनं झालेलं नव्हतं. मराठी बोलणारी अनोळखी बाई म्हणजे पुण्याची हेर, असंच वाटणार त्यांना. स्कॉट लोकांत पडलेल्या इंग्रज क्लेअरवर जसा संशय, तसाच हिच्यावर. आणि तिला आपलं मोडकंतोडकं, दुकानात बोलायचं कन्नड घेऊन त्या लोकांना पटवायचंय की मी तुमच्या बाजूची आहे, डिसेंबरच्या आत काहीतरी करा. पटवेल ती? कोण ऐकेल तिचं? ज्यानं ऐकलं त्याच्यावर तिचं प्रेम बसेल, आणि त्याचं नाव इतिहासात कुठं नाही म्हणजे तो वाचेल की मरेल हे तिला माहीत नाही. ही जागा मला सगळ्यात आवडते. राणीचं काय होणार ते माहीत, रायण्णाचं माहीत, पण ह्याचं नाही. नाव नसलेल्या माणसासाठी अजून आशा ठेवता येते.

वाट कुठून काढायची म्हणाल तर कित्तूरच्या पडक्या वाड्यात ध्रुवतारा बघायची जागा म्हणून एक छिद्र दाखवतात, तिथं डोळा लावला की झालं. बेळगावहून हायवेनं तासाभरात पोचता येतं, वाडा पाहिला नसेल तर नक्की पाहा.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर आउटलँडरचा पहिला भाग घ्या, पण जाडजूड आहे, पहिली शंभर पानं धीर धरा. सिरीयल चालत असेल तर २०११ ची चिनी बघा, कोरियनच्या आधी. लढाईच्या तारखा आधी गुगल करू नका असं लोक सांगतात, मी उलट सांगते, कराच, तारीख माहीत असली तरच नायिकेच्या शेजारी बसून वाचता येतं.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी कित्तूरवर नाहीतर थेऊरवर अशी मराठी कादंबरी लिहीत असेल तर मला कळवा. औषधांचा भाग मी तपासून देते, गोळ्यांचे डोस, साइड इफेक्ट, काय किती दिवस टिकतं, पिशवी भिजली तर काय होईल, सगळं. कित्तूरला जायचं असेल तर रविवारी दुकान बंद असतं, सोबत पण येईन.